घड्यांतली धूळ

चांदणी चौक उतरलं की भूगाव, मग भुकूम, पिरंगुटचा घाट, घोटावडे फाटा आणि पौड. घर कोळवण खोऱ्यात आणि नोकरी कोथरूडला, त्यामुळे बावीस वर्षं या रस्त्यावरून माझं रोजचं जाणं-येणं आहे. इथली धूळ ऋतूप्रमाणे बदलते. उन्हाळ्यात खडी क्रशरची करडी पूड, रस्त्याचं काम निघालं की मुरूम, दिवाळीनंतर वीटभट्ट्यांची राख आणि मळणीचं तूस. पावसाळ्यात धूळ बसते, पण हायवा डंपरांच्या चाकांनी उडवलेला चिखल वाळला की पुन्हा तीच. हे सगळं माझ्या गाडीच्या एअर फिल्टरच्या घड्यांत वर्षानुवर्षं साठत आलं. इंजिनाचं शिक्षण मी कुठल्या वर्गात घेतलेलं नाही. बॉनेट उघडून, पैसे मोजून आणि अण्णांकडे, म्हणजे वडिलांकडे बघून जे कळलं ते हे.

१. गाडी पेट्रोलवर चालते हे अर्धंच खरं आहे. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. लिटरचा हिशेब केला तर एका लिटरला जवळजवळ अकरा किलो. पुण्याच्या उंचीवर, म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, एवढ्या वजनाची हवा दहा हजार लिटर जागा व्यापते. भूगाव-बावधनच्या सोसायट्यांना पाणी नेणारे टँकर असतात ना, तेही दहा हजार लिटरचेच. हा हिशेब कागदावर मांडला त्या दिवसापासून समोरून टँकर आला की मला तो हवेने भरलेला दिसतो. माझ्या एका लिटर पेट्रोलमागे एवढी हवा फिल्टरच्या त्या हातभर कागदातून जाते. माझी पहिली गाडी जुनी मारुती ८००, इंजिन ७९६ सीसीचं. पेडल पूर्ण दाबून तीन हजार फेऱ्यांवर नेलं की ते चिमुकलं इंजिन मिनिटाला हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर घेतो. तोवर मी फक्त पेट्रोलच्या पावत्या जपून ठेवत होतो.

२. फिल्टर म्हणजे काय हे मला कागदाने नाही, तेलाच्या वाटीने शिकवलं. अण्णांच्या जुन्या ट्रॅक्टरला ऑइल बाथ एअर क्लीनर होता. खाली तेल भरलेली लोखंडी वाटी, वर तारांची जाळी. हवा नळीतून सरळ खाली येते, तेलाला भिडते आणि एकदम उलटी वर वळते. हवेला असं वळता येतं, धुळीच्या जड कणाला येत नाही. तो तेलात जाऊन बसतो. उरलासुरला जाळीवरच्या तेलकट तारांना चिकटतो. उन्हाळी नांगरट असो की भाताची मळणी, अण्णा सकाळी आधी क्लिपा काढून ती वाटी उतरवायचे. वरचं तेल ओतलं की तळाशी घट्ट गाळ दिसायचा, गार झालेल्या पिठल्यासारखा. अण्णा काडीने तो खरवडायचे, वाटी डिझेलने धुवायचे आणि आतल्या खुणेपर्यंत नवं तेल घालायचे, बोटभरही वर नाही. जास्त तेल घातलं तर इंजिन ते ओढून घेतं. एकदा त्यांनी गाळाची काडी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "हे एका दिवसाचं आहे. हे आत गेलं असतं तर?" मी तेव्हा सातवी-आठवीत होतो. मला खेळायला पळायचं होतं. त्या प्रश्नाचं उत्तर मिळायला पंचवीस वर्षं गेली आणि ते फार महाग पडलं. त्याबद्दल पुढे लिहितो.

३. तुंबलेला फिल्टर आपलं नाव सांगत नाही, तो दुसऱ्यांची नावं पुढे करतो. मारुती पिरंगुटच्या घाटात दम टाकू लागली. चौघं बसली की दुसरा गिअर, तरी मागचे हॉर्न वाजवायचे. पिकअप गेला, ॲव्हरेज घसरलं, प्लग काढला तर काजळीने काळा. मी कार्बोरेटर साफ करून घेतला, ट्यूनिंग केलं, प्लग बदलले, पेट्रोलपंप बदलून पाहिला. कुणीच, मीही, त्या गोल डब्याचं झाकण उघडलं नाही. शेवटी पौडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी ते उघडलं. आतला फिल्टर बाहेरून मातीच्या चुलीसारखा झाला होता. नवा घातला आणि त्याच संध्याकाळी गाडी तिसऱ्या गिअरवर घाट चढली.

कार्बोरेटरच्या गाडीत हे का होतं हे नंतर समजलं. हवेची वाट अडली की कार्बोरेटरमधली ओढ वाढते आणि पेट्रोल प्रमाणाबाहेर येतं. म्हणून काजळी, म्हणून ॲव्हरेज कमी. पुढे इंजेक्शनची गाडी घेतली तेव्हा हाच नियम मी छातीठोकपणे सगळ्यांना सांगत फिरलो, आणि तिथे चुकलो. नव्या पेट्रोल गाड्यांत आत येणारी हवा मोजली जाते आणि तेवढंच पेट्रोल दिलं जातं. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ साली फिल्टर मुद्दाम तुंबवून गाड्या तपासल्या. इंजेक्शनच्या गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. फरक पडला तो वेग घेण्यात, साधारण सहा ते अकरा टक्के. रोजच्या चालवण्यात आपण नकळत पेडल थोडं जास्त दाबतो आणि भागतं. घाटात, ओव्हरटेक करताना पेडल तळाला टेकतं आणि पुढे काही उरत नाही. डिझेलची तऱ्हा आणखी वेगळी. हवा कमी पडली की मागून काळा धूर येतो. ज्यांना मी "फिल्टर बदला, ॲव्हरेज वाढेल" असं सांगितलं होतं त्यांची मी इथे मनापासून माफी मागतो.

४. अति स्वच्छतेनेही फिल्टर मरतो. मारुतीचा धडा शिकल्यावर मी दर रविवारी फिल्टर काढून पंक्चरवाल्याकडे हवा मारून आणायचो. नोझल घड्यांना टेकवून, अगदी धूळ उडायची थांबेपर्यंत. वाटायचं, आपण गाडीची केवढी काळजी घेतो. मग त्याच मिस्त्रींनी एकदा गॅरेजच्या अंधाऱ्या कोपऱ्यात फिल्टरच्या आत पेटता बल्ब धरला. "दादा, चांदण्या बघा." घड्यांच्या टोकांवर तीन-चार ठिकाणी उजेडाचे लख्ख ठिपके होते. जोराच्या हवेने कागद फाटला होता. प्रत्येक ठिपका म्हणजे धुळीला उघडं दार.

त्याहून मोठं आश्चर्य पुढे होतं. थोडा मळलेला फिल्टर नव्यापेक्षा बारीक गाळतो. कागदावर बसलेला धुळीचा थरच दुसरी चाळण होतो, आणि जे कोऱ्या कागदातून निसटलं असतं ते त्या थरात अडकतं. आमच्याकडे वस्त्रगाळ चूर्ण करतात तेव्हा पहिला हात थोडा भरडच पडतो, फडकं भरलं की पूड बारीक येते, तसंच हे. म्हणजे दर रविवारी मी तो कमावलेला थर उडवून देत होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होतो. फिल्टरच्या चाचण्या ऍरिझोनाच्या वाळवंटातल्या धुळीवरून ठरवलेल्या प्रमाणित भुकटीने घेतात. किती धूळ खाल्ल्यावर हवेची वाट किती अडते आणि तोवर किती कण पलीकडे गेले, दोन्ही मोजतात. फिल्टरला ही दोन कामं एकाच वेळी सांभाळायची असतात. मी मात्र बरीच वर्षं त्याच्याकडून एकच मागत होतो.

५. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली असं नाही. हे मान्य करायला मला दोन वर्षं लागली. दुसरी गाडी घेतली तेव्हा एअर बॉक्स काढून उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवला. पेडल दाबलं की इंजिन घोगऱ्या आवाजात श्वास घ्यायचं आणि मला ती गाडी दुसऱ्याच जातीची वाटायची. धाकटा भाऊ शेजारी घड्याळ धरून बसला. आम्ही भुकूमच्या बाजूने पिरंगुट घाटाच्या माथ्यापर्यंत तीनदा वेळ घेतली, मग मूळ बॉक्स बसवून तीनदा. उघड्या फिल्टरने वेळ जास्त लागला. भाऊ काही बोलला नाही, त्याने फक्त कागद माझ्या हातात दिला.

कारण सोपं होतं. मूळ एअर बॉक्सची नळी हेडलाइटच्या मागून, बाहेरची हवा घेत होती. माझा उघडा फिल्टर बॉनेटखाली, रेडिएटर आणि एक्झॉस्टच्या शेजारी, तापलेली हवा पीत होता. हवा तीन अंशांनी तापली की तिची घनता एक टक्क्याच्या आसपास घटते. भूगावच्या गर्दीत अर्धा तास अडकल्यावर बॉनेटखाली किती तापलेलं असतं ते हात घालून पाहिलं की कळतं. ज्याला मी अडथळा समजून काढलं तो काळा डबाही उगाच नव्हता. त्याला जोडलेला पोकळ फुगा, रेझोनेटर, हवेच्या लाटांचा आवाज दाबतो. आणि गाडीच्या आवाजाला, धुराला मान्यता मिळते ती त्या डब्यासकट मिळते. पौड रस्त्याने शहरात जाताना जी टेकडी दिसते, जिला सगळे एआरएआयची टेकडी म्हणतात, तिथे १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेत हेच तपासण्याचं काम चालतं. मी तिच्या पायथ्यावरून रोज जात होतो. जानेवारीच्या पहाटे मुळशीत गाडी किती हलकी पळते हे मला कधीपासून ठाऊक होतं. थंड हवा म्हणजे जास्त हवा, ही गोष्ट मात्र मी त्याच्याशी जोडली नव्हती.

६. फिल्टरपेक्षा त्याची कड महत्त्वाची. हा माझा सगळ्यांत महाग धडा, म्हणून थोडं थांबून सांगतो.

उघडा फिल्टर काढून मूळ बॉक्स परत मीच बसवला, घरच्या अंगणात. मागच्या बाजूची एक क्लिप नीट लागत नव्हती, हात पोचत नव्हता. तीन क्लिपा लागल्या होत्या, झाकण हलत नव्हतं, मी पुरे म्हटलं. फिल्टर दरवेळी वेळेवर बदलत राहिलो आणि चौथी क्लिप दरवेळी तशीच राहिली. पहिली दोन वर्षं काहीच झालं नाही. गाडी छान चालायची. तिसऱ्या वर्षी डिपस्टिकवर तेल खाली दिसू लागलं. मग सकाळी गाडी सुरू करताना निळा धूर. मग घाटात पुन्हा तोच दम, जो मारुतीला लागला होता, पण या वेळी फिल्टर कोरा करकरीत होता. इंजिन उतरवलं. सिलिंडरच्या वरच्या भागात रिंगा जिथे फिरतात तिथे नख अडकेल अशी पायरी पडली होती. रिंगा झिजून पातळ झालेल्या. मिस्त्रींनी एअर बॉक्सचं झाकण मागितलं, उलटं केलं आणि रबरी कडेवर बोट फिरवलं. मागच्या कोपऱ्यात, त्या चौथ्या क्लिपपाशी, कडेवरून आत गेलेली धुळीची एक बारीक करडी वाट होती. पेन्सिलने आखल्यासारखी. फिल्टरच्या स्वच्छ बाजूला.

माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा. इंजिनाला जास्त झिजवणारे कण पाच ते वीस मायक्रॉनचे असतात, डोळ्यांना न दिसणारे. रिंग आणि सिलिंडर यांच्यामधला तेलाचा पापुद्रा काही मायक्रॉनचाच. त्याहून लहान कण तेलाबरोबर वाहून जातो, जेमतेम त्याच मापाचा कण दोन्हींच्या मध्ये सापडतो आणि खरवडत राहतो. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड वाळूतल्या गारेइतका कठीण नाही, पण त्यातली खनिजं सिलिंडरच्या बिडापेक्षा कठीणच असतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, क्रशरमधून पीठ होऊन, एका न लागलेल्या क्लिपच्या फटीतून माझ्या इंजिनात रोज चिमूटभर जात होता. अण्णांनी काडीवर धरलेला गाळ मला त्या गॅरेजमध्ये आठवला. इंजिनकामाचा खर्च भरायला बायकोने भिशीचे पैसे काढून दिले. तिला कारण सांगताना मी क्लिप हातात धरून बसलो होतो.

तेव्हापासून फिल्टर बदलताना मी आधी पलीकडच्या नळीत, थ्रॉटलच्या बाजूला, पांढरं फडकं फिरवतो. ते पांढरंच बाहेर आलं पाहिजे. स्वस्तातला फिल्टर घेतला तर त्याची रबरी कड खाचेत बसते का, एखाद्या मिलिमीटरने लहान तर नाही, हे दुकानातच जुन्यावर ठेवून पाहतो. होज पाईपच्या वळ्या ताणून भेगा शोधतो. दहा मिनिटांचं काम आहे.

७. इंजिनाचं नाक कुठे आहे हे पावसाआधी माहीत असलं पाहिजे. ताम्हिणीकडचा पाऊस ज्यांनी अंगावर घेतलाय त्यांना वेगळं सांगायला नको. जुलै २०२४मध्ये तिथे एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. माझा प्रसंग त्याच्या बऱ्याच आधीचा, गावाजवळच्या फरशी पुलावरचा. पाणी चाकाच्या निम्म्याला होतं, समोरून जीप आली, तिने लाट उडवली आणि माझी गाडी गप्पकन बंद पडली. हात सवयीने चावीकडे गेला. काठावर इरलं घेऊन उभे असलेले एक आजोबा ओरडले, "हात लावू नको चावीला! ट्रॅक्टर आणतो." त्यांच्याच ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. बॉक्स उघडला तर फिल्टरचा लगदा झाला होता आणि खाली पाणी साठलेलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की पिस्टन वर येतो, अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून इंजिन फिरवलं तेव्हा एका सिलिंडरमधून पाण्याची चूळ बाहेर आली. प्लग जागेवर असताना एकदा जरी चावी फिरवली असती तर दुसरं इंजिनकाम निघालं असतं. घरी आल्यावर मी टॉर्च घेऊन नळीचं तोंड शोधलं आणि जमिनीपासून मोजलं. आता कुठल्याही पाण्यासमोर मला तो आकडा आठवतो.

८. एअर बॉक्समध्ये गाव राहतं. दसऱ्याला गाडीला हार घालतो, तो हेडलाइटशेजारच्या जाळीवर लोंबतो आणि महिन्याभराने फिल्टरच्या तळाशी वाळक्या झेंडूच्या पाकळ्या निघतात. मळणीनंतर भाताचं तूस. एका वर्षी गाडी तीन आठवडे पडवीत उभी होती तेव्हा उंदराने नळीतून आत जाऊन फिल्टरचाच कागद कुरतडून त्याची गादी केली, वर इंद्रायणी भाताच्या लोंब्या आणून ठेवलेल्या. पुस्तिकेत फिल्टर बदलायचं अंतर दिलेलं असतं आणि त्याच्या खाली बारीक अक्षरांत, धुळीच्या भागात लवकर, असं. ती बारीक अक्षरं आपल्यासाठी आहेत हे मान्य करून टाकलं. मी आता दोनदा बघतो, मे अखेरीस आणि दसऱ्याच्या आधी.

९. इंजिनाइतकीच धूळ आम्ही खात होतो, हे मला सगळ्यांत उशिरा दिसलं. गाडीत एसी लावला की मुलीला शिंका यायच्या. एका मिस्त्रीने ग्लोव्ह बॉक्स उतरवून मागून आणखी एक फिल्टर ओढून काढला, माणसांसाठी असलेला. गाडी घेतल्यापासून तो कधी बाहेर आला नव्हता. इंजिनाचा फिल्टर मी या काळात चार वेळा बदलला होता.

त्या वर्षी मळणीला मी मास्कचं पाकीट घेऊन शेतात गेलो. यंत्रातून तुसाचा लोट उठत होता आणि अण्णा त्यातच उभे, तोंडाला नेहमीचा गमछा. चाळीस वर्षं ते असेच उभे आहेत आणि थंडीत रात्रभर खोकतात, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी मास्क पुढे केला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "थांब, आधी वाटी बघू दे." ट्रॅक्टर बंद केला, क्लिपा काढल्या. मी वाटी धरली. ते काडीने गाळ खरवडत असताना मी त्यांच्या खिशातला मास्क काढला आणि त्यांच्या कानामागे अडकवला. हात तेलाचे असल्यामुळे त्यांना तो काढता आला नाही.